वाळवंटातल्या पांढरट वर्मवूडला अरबीत काय म्हणतात, औषध म्हणून कशाला वापरतात?

अरबीत त्याला 'शीह' म्हणतात, शास्त्रीय नाव आर्टेमिसिया हर्बा-आल्बा, म्हणजे आपल्या दवण्याच्याच जातकुळीतलं झुडूप. इजिप्तमधलं सिनाई, इस्रायलमधलं नेगेव्ह वाळवंट, जॉर्डनपासून मोरोक्कोपर्यंत उगवतं आणि तिकडचे बेदुईन (वाळवंटातले भटके अरब) लोक वाळलेल्या पानांचा कडू काढा पोटदुखी, जंत, खोकला-सर्दी यावर पितात, काही ठिकाणी डायबेटिससाठीही घेतात. लोक वनस्पती कशा वापरतात याच्या अभ्यासात हेच उपयोग पुन्हा पुन्हा नोंदलेले दिसतात. मोरोक्कोत चहात घालतात ती 'शिबा' मात्र वेगळी, तिला युनानीवाले अफसंतीन म्हणतात, गल्लत करू नका. आणि प्लीज, शीहमध्ये थुजोन नावाचं, जास्त झालं तर झटके आणू शकणारं द्रव्य असतं, त्यामुळे गरोदरपणात किंवा फिट्स येत असतील तर अजिबात घेऊ नका, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.