मुंबई–टोकियो: तिकिटावरच्या वेळांना फसू नका

पहिल्यांदाच जाताय ना? मग तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी करू नका. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. रात्री ८ला निघून सकाळी ७:३०ला उतरलात, तर साडेअकरा नाही, आठच तास उडालात. येताना उलटं: ११ला निघून संध्याकाळी ५ला मुंबईत! 'वा, सहा तासांत आलो' असं मीही म्हटलं होतं. प्रत्यक्षात साडेनऊ तास पाय आखडून बसलो होतो.

सरळ अंतर सुमारे ६,७०० किमी, दोन्ही बाजूंनी तेवढंच. मग येताना जास्त वेळ का? दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते पाठीशी, येताना तोंडावर. हिवाळ्यात त्यांचा जोर फार, म्हणून फरकही जास्त.

विमानतळ मात्र नीट बघून घ्या. हानेदा शहरालगतच आहे, नारिता जवळपास ६० किमी लांब. नारिताला रात्री उशिरा उतरणारं स्वस्त तिकीट मी तरी घेणार नाही. मध्यरात्रीच्या सुमारास रेल्वे बंद होते आणि टॅक्सीत सगळी बचत जाते.