आज्जीच्या पदरावरचा किल्ला

लाडके सई,

काल कॉलवर तू आज्जीचा पदर कॅमेऱ्यासमोर धरून विचारलंस, बाबा हे किल्ल्यासारखं काय आहे, कापडावर किल्ला कोण विणतं, आणि तेवढ्यात कोल्हापुरातलं नेट गेलं. तेव्हापासून तेच डोक्यात आहे म्हणून लिहायलाच बसलो.

ती साडी इरकल. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात इळकल गाव आहे तिथली, पण आपल्याकडच्या आज्ज्या ती इतकी वर्षं नेसतायत की आता आपलीच झालीय. लाल पदरावर पांढरी नक्षी, त्याला टोपपदर म्हणतात. नीट बघ, त्यात फणी आहे, ज्वारीचं कणीस आहे, डोंगर आहे आणि तुला दिसला तो किल्ल्याचा तट. रोज नजरेसमोर होतं ते सगळं विणकरानं बायकांच्या पदरात घातलं! साडीच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा असतो, दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. आज्जीला तो जोड दाखवायला सांग, बोट फिरवून बघ.

पण मला तर वाटतं देणं दोन्हीकडून आहे. कापडानं तट घेतला खरा, पण त्याच्या कितीतरी आधी घर कापडाकडून शिकलंय. माझ्या आज्जीचं राधानगरीकडचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, त्यांना आडव्या कांब्या बांधायच्या आणि दोन्हीकडून शेणमातीनं लिंपायचं, म्हणजे ताणा-बाणाच की गं. पलीकडच्या खोलीतलं कुजबुजणंसुद्धा ऐकू यायचं, म्हणून मोठी माणसं म्हणायची, कुडाला कान, ठेव ध्यान.

इथं ड्रेस्डेनला आपण ज्या ऑपेराच्या इमारतीसमोरून जातो ना, तिला ज्याचं नाव आहे त्या गॉटफ्रीड सेम्पर या वास्तुकारानं १८५१ मध्ये हेच मांडलंय, भिंतीची सुरुवात विणलेल्या चटईपासून झाली, दगड-विटा नंतर. तुझं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे, तूच बघ, भिंत म्हणजे वांट आणि पेहराव म्हणजे गेवांट. त्यानं हे दोन शब्द शेजारी ठेवून दाखवले. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आज्जीचा कूडच डोळ्यासमोर आला, खरंच सांगतो, लई आठवण आली.

आणि आपला शब्द घे, लग्नात दारात कापडाचा घालतात तो मांडव आणि देवळात दगडाचा तो मंडप. आत्याला म्हणावं रविवारी खिद्रापूरला ने. कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडप आहे, बाराव्या शतकातला, ४८ खांब, आणि मधोमध छतच नाही, गोल आभाळ. तिथं खाली उभी राहून वर बघ आणि मग मला सांग, तुला तो दगड वाटतो की ताणून बांधलेलं कापड.

आज्जीला म्हण, तो पदर जमिनीवर पसरून एक फोटो पाठव, तटाचे दात मला मोजायचेत.

तुझा,
बाबा