इन्फ्लमेशन म्हणजे सूज का दाह?

प्रश्न असा होता: रशियातल्या अर्खांगेल्स्क शहरातल्या अभ्यासावरचा लेख मराठीत करताना, दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांच्या रक्तात ‘हृदयाच्या सुजेचे मार्कर’ (मार्कर म्हणजे रक्तात मोजता येणारी खूण) जास्त सापडले असं लिहिलं, म्हणजे इन्फ्लमेशनला सूज म्हटलं, तर चालेल का.

माझ्या मते नाही चालणार. त्या अभ्यासात (२०१५ ते २०१७, वय ३५ ते ६९) रक्तातल्या तीन वेगळ्या गोष्टी मोजल्यात आणि तुमच्या एका शब्दात तिन्ही गुंडाळल्या जातात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात झिरपतं, एनटी-प्रोबीएनपी हृदयाच्या भिंतींवर ताण आला की वाढतं, आणि सीआरपी बनतो लिव्हरमधे, शरीरात कुठेही इन्फ्लमेशन (इजा किंवा जंतूंमुळे उठणारी शरीराची प्रतिक्रिया) असलं तरी तो वाढतो, कुठे आहे ते सांगत नाही. म्हणजे सीआरपी वाढला म्हणून हृदयाला सूज असं लिहिता येत नाही.

सूज शब्दाची अजून एक अडचण आमच्या घरातच बघितलीय. मामांचं हार्ट दारूने कमजोर झालेलं, संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आम्ही त्याला सूज म्हणायचो, बरोबरच होतं, पण ते साठलेलं पाणी. मग रिपोर्टवर सीआरपीसमोर कोणीतरी पेनने ‘सूज’ लिहून दिलं आणि मामी रोज त्यांचे पाय बघून सीआरपी उतरला का ते ठरवायला लागली.

दाह जास्त जवळचा. लॅटिन मूळ शब्दाचा अर्थ पेटवणं, आणि आपला दाह ‘दह्’ म्हणजे जळणे वरनं आलेला. फुप्फुसदाह, यकृतदाह रुळलेत पण. शोथ हिंदीत चालतो, मराठीत पुस्तकी वाटतो आणि त्याचाही अर्थ शेवटी सूजच. फक्त बोलताना आपण दाह जाणवणाऱ्या आगीला म्हणतो, पोटातला दाह, उन्हाचा दाह, त्यामुळे वाचणारा म्हणेल मला तर छातीत काहीच जळजळत नाही. म्हणून मी सोबत धुमसणे घेतो, राखेखाली गोवरी धुमसते तसं, वरनं कळतही नाही.

तर असं करून बघा: ‘हृदयाला झालेली इजा, त्याच्यावरचा ताण आणि शरीरात धुमसणारा दाह दाखवणारे तिन्ही मार्कर जास्त सापडले’. लांब झालं, पण खरं आहे. मार्कर तसाच ठेवा, लॅबमधे सगळे तेच म्हणतात. आणि तुमच्या लेखात खाली दोनदा ‘दारुडे’ आलंय, तिथे प्लीज ‘उपचार घेणारे’ करा, ती माणसं दवाखान्यात आलीयत.