‘वेव्हर’वरचा खेळाडू: माफ, मुक्त की हक्कसोडीला काढलेला?

टोरांटोजवळ राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. ते एनएचएलची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगची, आइस हॉकी आवडीने पाहतात आणि पुण्यातल्या वडिलांना फोनवर त्याबद्दल सांगतात. सप्टेंबरअखेर संघ आपली खेळाडूंची यादी कमी करू लागले की रोज बातम्या येतात: अमुक खेळाडू ‘वेव्हर्स’वर ठेवला, तमुक संघाने तो ‘क्लेम’ केला, आणखी एक ‘क्लिअर’ झाला. हे मराठीत सांगताना त्यांची गाडी अडते. यंत्राकडून भाषांतर करून पाहिलं तर ‘संघांनी माफ केलेल्या खेळाडूंवर दावे केले’ असं वाक्य हाती आलं. वडिलांनी विचारलं, ‘त्यांनी गुन्हा काय केला होता?’

वडिलांचा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करायला हवी.

‘वेव्हर’ म्हटलं की आपल्याला ‘माफी’ सुचते, कारण वर्तमानपत्रांनी हा शब्द आपल्याला कर्जमाफी, फीमाफी आणि व्याजमाफी यांतून दिला. तिथे तो चपखल बसतो. एकाचं दुसऱ्याकडे काही येणं असतं, येणं असणारा ते सोडून देतो आणि देणेकरी सुटतो. तिथेसुद्धा ‘माफी’त अपराधाची छटा डोकावतेच. महाराष्ट्र शासनाच्या 2019च्या योजनेचं नाव ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’ आहे, कर्जमाफी योजना नाही. मला ती निवड योग्य वाटते. थकलेलं कर्ज हा काही गुन्हा नव्हे. हॉकीच्या बातमीत तर येणंही नाही आणि देणंही नाही. खेळाडूने कुणाचं काही बुडवलेलं नसतं. त्यामुळे ‘माफ केलेला खेळाडू’ हे वाक्य नुसतं विचित्र नाही, चूक आहे.

इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘आपला हक्क सोडून देणे’ असा आहे. माफी ही त्या अर्थाची एक फांदी. हक्क कुणाचा, कशावरचा आणि तो सोडल्याने मोकळं कोण होतं, हे तीन प्रश्न विचारले की प्रत्येक वेळी योग्य मराठी शब्द सापडतो. बँकेने व्याजाचा हक्क सोडला तर माफी. विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेची अट सोडली तर सूट. आता हेच तीन प्रश्न हॉकीला विचारू.

एनएचएलमध्ये 32 संघ आहेत. हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, आणि त्या दिवशी प्रत्येक संघाला आपल्या पटावर जास्तीत जास्त 23 खेळाडू ठेवता येतात. (‘रोस्टर’ला मी ‘पट’ म्हणतो. हजेरीपट, पटसंख्या यांतला पट. ‘पटावर असणे’ हा प्रयोग शाळेमुळे सगळ्यांच्या कानात आहे.) सप्टेंबरच्या सरावशिबिरात मात्र पन्नास-साठ जण असतात. उरलेल्यांना खालच्या लीगमध्ये, मुख्यतः एएचएलमध्ये, पाठवावं लागतं. नवख्या पोरांना थेट पाठवता येतं. 2013च्या कराराच्या तक्त्याप्रमाणे 18व्या वर्षी करारबद्ध झालेल्या खेळाडूला 5 वर्षं किंवा 160 सामने, यांतलं जे आधी पूर्ण होईल तोवर ही मोकळीक असते. गोलरक्षकाला 6 वर्षं किंवा 80 सामने. ही मुदत संपलेल्या खेळाडूला मात्र संघाला मनात आलं म्हणून खाली धाडता येत नाही. आधी त्याचं नाव बाकीच्या 31 संघांपुढे ठेवावं लागतं. चोवीस तासांत त्यांपैकी कुणीही म्हणू शकतं, ‘हा आम्हाला द्या.’ म्हटलं की खेळाडू आहे त्या करारासह, आहे त्या पगारासह त्या संघाकडे जातो. कुणीच काही बोललं नाही तर पहिला संघ त्याला खाली पाठवायला मोकळा.

म्हणजे हक्क कुणाचा? बाकीच्या 31 संघांचा. कशावरचा? त्या खेळाडूला घेण्याचा. ते गप्प राहिले तर मोकळं कोण झालं? खेळाडूचा सध्याचा संघ. बातमीत ‘संघाने खेळाडूला वेव्ह केलं’ असं सर्रास लिहितात, पण प्रक्रियेच्या गाभ्यात हक्क सोडणारे दुसरेच असतात. पहिला संघ फक्त विचारणा करतो: ‘तुमचा हक्क सोडताय का?’

यासाठी मराठीत शब्द घडवत बसायची गरजच नाही. ‘हक्कसोड’ आपल्याकडे तयार आहे. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी करताना बहिणींनी किंवा इतर वारसांनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवलेलं हक्कसोडपत्र पुण्यातल्या वडिलांना समजावून सांगावं लागणार नाही. तिथेही असंच असतं. ज्याला जमिनीचा पुढचा व्यवहार करायचा त्याला इतरांचे हक्क सुटलेले हवे असतात, आणि एखादी बहीण ‘नाही, मला माझा वाटा हवा’ म्हणाली की व्यवहार थांबतो. म्हणून माझी सूचना अशी: ‘वेव्हर्स’ला हक्कसोड म्हणावं. ‘वेव्हर्सवर ठेवला’ला ‘हक्कसोडीला काढला’ म्हणावं. आपण विक्रीला काढतो, लिलावाला काढतो, त्याच घडणीचा हा प्रयोग आहे. ‘हक्कसोडीवर ठेवला’ म्हणू नये. तिथे ‘वर’ हा प्रत्यय इंग्रजीच्या मागे आलेला आहे.

आता ‘क्लेम’. इथे ‘दावा’ हा शब्द पहिल्या झटक्यात येतो आणि नेमका तोच फसवतो. मराठीत ‘त्याच्यावर दावा लावला’ म्हणजे त्याला कोर्टात खेचलं. ‘दावा केला’ म्हटलं तर आजच्या वर्तमानपत्री मराठीत ‘असं ठामपणे म्हटलं’ एवढाच अर्थ उरला आहे. नेते रोज दावे करतात. ‘अमुक संघाने तमुक खेळाडूवर दावा केला’ हे वाचून निम्म्या लोकांना फिर्याद आठवेल. ‘उचलला’ हा तोंडी बोलण्यात चालेल, पण लेखी बातमीत त्याला पोलिसांचा वास येतो. त्यापेक्षा ‘हक्क सांगितला’ म्हणावं. एकाच शब्दाची दोन टोकं हाती राहतात: हक्क सोडला, हक्क सांगितला. आणि ‘क्लिअर झाला’ याला ‘हक्कसोडीतून सुटला’. बोलताना तर ‘कुणी हक्क सांगितला नाही’ एवढंच पुरतं.

या शब्दांत खरी बातमी सांगून पाहू. तुम्ही टोरांटोचे, म्हणून तिथलीच घेतो. ऑक्टोबर 2018मध्ये मेपल लीफ्सनी आपले दोन गोलरक्षक, कर्टिस मॅकेल्हिनी आणि कॅल्विन पिकार्ड, हक्कसोडीला काढले. दोघांवरही हक्क सांगितला गेला: मॅकेल्हिनीवर कॅरोलायनाने, पिकार्डवर फिलाडेल्फियाने. एकाच दिवशी टोरांटोचे दोन गोलरक्षक गेले. मॅकेल्हिनी 35 वर्षांचा होता. त्याच हंगामाअखेर तो कॅरोलायनाकडून प्लेऑफमध्ये उतरला आणि कॅरोलायना पूर्व विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली. आता यात ‘हक्क सांगितला’च्या जागी ‘दावा केला’ घालून वाचा. फरक आपोआप कळेल.

मूळ प्रश्नात आणखी एक पोटप्रश्न होता: वडील स्वतः यासाठी ‘नारळ दिला’ म्हणतात, ते चालेल का? नारळ देणे, डच्चू देणे, सोडचिठ्ठी देणे हे आपल्या क्रीडापानाचे लाडके शब्द आहेत आणि मलाही ते आवडतात. पण तिघांचं वजन वेगवेगळं आहे. डच्चू म्हणजे वगळणं. पुढच्या सामन्याला परत येता येतं. नारळ म्हणजे निरोपाचा नारळ, संबंध संपला. सोडचिठ्ठी तर काडीमोडाचीच. आइस हॉकीत हक्कसोडीला काढलेल्या खेळाडूचा संबंध तुटत नाही. त्याचा करार जिवंत असतो. तो उद्या दुसऱ्या संघाचा असेल किंवा याच संघाच्या खालच्या चमूत असेल, आणि महिन्याभरात परत वरही येईल.

पॉल बायरनची गोष्ट यासाठी फार बोलकी आहे. ऑक्टोबर 2015मध्ये कॅल्गरीने त्याला हक्कसोडीला काढलं, मॉन्ट्रियालने हक्क सांगितला. 2016-17च्या हंगामात त्याने 22 गोल केले, पुढच्या हंगामात 20. मग 2021मध्ये मॉन्ट्रियालनेच त्याला हक्कसोडीला काढलं. या वेळी कुणीही हक्क सांगितला नाही. तो मॉन्ट्रियालचाच राहिला, आणि त्याच वर्षी त्यांच्याकडून स्टॅन्ली कपची, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाची, अंतिम फेरी खेळला. ‘नारळ दिला’ लिहिणाऱ्याला या माणसाची पुढची बातमी लिहिताच येणार नाही.

वडील अगदीच चुकले असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑगस्टअखेर पट 53वर आणताना संघ खेळाडूंना ‘वेव्ह’ करतात, तेव्हा कुणी हक्क सांगितला नाही तर खेळाडूचा करार संपतो आणि तो मोकळा होतो. बास्केटबॉलमध्येही तसंच. तिथे ‘नारळ’ शोभतो. शब्द तोच, पण खेळ बदलला की परिणाम बदलतो. ज्यांनी हा शब्द आधी फुटबॉलच्या बातम्यांत वाचला त्यांना हॉकीतली बातमी हमखास उलटी कळते. हॉकीतही एक प्रकार असा आहे. करार कायमचा संपवायचा असेल तर संघ ‘बिनशर्त’ हक्कसोडीला काढतो. तेव्हा सोडचिठ्ठी म्हणायला हरकत नाही.

‘कट्स’ला काय म्हणावं? ‘कपात’ म्हटलं की नोकरकपात, पगारकपात आठवते. खर्च वाचवायला केलेली. इथे कारण 23ची मर्यादा हे आहे, म्हणून ‘छाटणी’ बरा. ‘हंगामपूर्व छाटणी’ हे दोन शब्द पुरेसे आहेत.

ही छाटणी आणि हक्कसोड एकत्र येतात तेव्हाचे आठ-दहा दिवस मला पूर्ण हंगामात सगळ्यांत रंगतदार वाटतात, आणि शब्द नीट लागल्याशिवाय ती रंगत कळत नाही. प्रत्येक संघ आशा करत असतो की आपला खेळाडू गर्दीत खपून जाईल. एकेका दिवशी डझनांनी नावं येतात. दुसऱ्याचा खेळाडू घ्यायचा म्हणजे आपल्या 23तला एक कमी करायचा, आणि त्यालाही हक्कसोडीला काढावं लागलं तर तोही जाऊ शकतो. शिवाय घेतलेला खेळाडू मनात भरला नाही म्हणून त्याला लगेच खाली धाडता येत नाही. पुन्हा हक्कसोडीची फेरी आलीच. म्हणून बरेचसे सुटतात. सुटत नाहीत त्यांत मात्र कधीकधी हिरा असतो. 2010च्या ऑक्टोबरात फ्लोरिडाने मायकल ग्राबनरला काढलं, न्यूयॉर्क आयलँडर्सनी हक्क सांगितला, आणि त्याने त्या हंगामात 34 गोल मारले.

एकाच खेळाडूवर अनेकांनी हक्क सांगितला तर? तिथे मान तळाच्या संघाचा. 1 नोव्हेंबरपर्यंत मागच्या हंगामाची गुणतालिका खालून वर वाचतात, त्यानंतर चालू हंगामाची. याला ‘उलटा अग्रक्रम’ म्हणता येईल, पण ‘तळाच्या संघाचा हक्क पहिला’ हे साधं वाक्य मला जास्त आवडतं.

आणि शेवटी आणखी एक खरी बातमी. गुस्ताव फोर्सलिंग हा स्वीडनचा बचावपटू. 2020-21चा हंगाम करोनामुळे जानेवारीत सुरू झाला, त्यामुळे त्या वर्षीची छाटणीही जानेवारीत झाली. तेव्हाची त्याची बातमी मी वडिलांना अशी सांगेन: ‘कॅरोलायनाने फोर्सलिंगला हक्कसोडीला काढलं आणि फ्लोरिडा पँथर्सनी त्याच्यावर हक्क सांगितला.’ फ्लोरिडाने त्याच्या बदल्यात एकही खेळाडू दिला नाही. 2024 आणि 2025 अशी सलग दोन वर्षं त्यांनी स्टॅन्ली कप जिंकला, दोन्ही वेळा अंतिम फेरीत एडमंटनला हरवून, आणि दोन्ही वेळा फोर्सलिंग त्यांच्या बचावफळीत होता.

लेखनाचं एवढंच: इंग्रजी शब्दच ठेवायचा असेल तर ‘वेव्हर’ लिहावा, ‘वेवर’ किंवा ‘व्हेवर’ नको. पहिलं अक्षर वॉशिंग्टनच्या व्यंजनाचं, दुसरं नोव्हेंबरच्या. अनेकवचनाचा ‘स’ मराठीत आणायची गरज नाही; ‘वेव्हरला काढला’ पुरे. लांबलचक बातमीत मी पहिल्यांदा ‘वेव्हर, म्हणजे हक्कसोड’ असं लिहीन आणि पुढे सगळीकडे हक्कसोडच वापरीन.