लेन्सआधी फांदी रोवा

पक्ष्यांचे फोटो काढायला मोठी लेन्स घ्यायची घाई करू नका. ७०-३०० मिमीची झूम लेन्स असेल तर अंगणातल्या पक्ष्यांना सध्या पुरे. आधी पाण्याचं पसरट भांडं ठेवा, रोज धुवा, आणि त्याच्याजवळच एक वाळकी फांदी रोवा. पक्षी सहसा थेट पाण्यावर उतरत नाही, आधी जवळ बसून कानोसा घेतो. फोटो तिथे मिळतो. मागची झाडी फांदीपासून जितकी लांब, तितकी पार्श्वभूमी मऊ.

शटर शक्यतो १/१००० सेकंदापेक्षा संथ नको. उडताना टिपायचा असेल तर १/२००० च्या पुढे. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही. फोकस डोळ्यावरच. उभ्याने वरून टिपू नका, गुडघे टेका, कपडे मळू द्या. आणि पक्षी शिटला की बोट बटणावर ठेवा, पुष्कळदा तो लगेच उडतो. (हसू नका, उपयोगी पडतं.)

घरट्यापासून मात्र लांबच राहा. आड येणाऱ्या डहाळ्या छाटल्या की घरटं उन्हाला आणि शिकाऱ्यांना उघडं पडतं. चोचीत पिल्लांसाठी अळी धरून पक्षी तुमच्याकडे बघत ताटकळला असेल, तर कॅमेरा उचला आणि निघा.