टोकनच्या आधी

डोंबिवली (पूर्व)

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बँकेतली नोकरी सोडून तू इस्टेट एजंट व्हायचं ठरवलंयस, हे तुझ्या आईकडून कळलं. मी तुला चार शब्द सुनवावेत आणि गुपचूप परत नोकरीला लावावं, अशी तिची इच्छा. ते काही मी करणार नाही. पण तू फोनवर विचारलं होतंस, ‘मावशी, या धंद्यात टिकायला काय लागतं?’ तेव्हा समोर पार्टी बसली होती म्हणून मी फोन ठेवला. आता सवडीने लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. आपल्याला पैसे मिळतात ते व्यवहार झाला तरच. वकील सल्ल्याचे घेतो, डॉक्टर तपासल्याचे घेतो. आपण दहा घरं दाखवायची, रिक्षाचं भाडं पदरचं घालायचं, चहा पाजायचा, आणि शेवटी पार्टी म्हणाली ‘सध्या थांबतोय आम्ही’ की हात हलवत घरी. त्यामुळे आपली जीभ आपोआप ‘हो’कडे वळते. पाणी येतं का? भरपूर! वरून गळत नाही ना? छे छे! स्टेशन किती लांब? सात मिनिटं! एजंटला विचारशील तर डोंबिवलीतलं प्रत्येक घर स्टेशनपासून सात मिनिटांवर आहे, मग ते पार मानपाड्याच्या पुढे का असेना. ठरवून खोटं बोलणारे थोडे असतात. बाकीच्यांचा महिना संपत आलेला असतो, ऑफिसचं भाडं थकलेलं असतं आणि तोंडातून निघून जातं. तुझंही निघेल. पुढे जे काही सांगतेय ते या एका खोडीला वेसण घालण्यासाठीच आहे.

म्हणून घरातलं जे काही उणं असेल ते टोकनच्या, म्हणजे सौदा पक्का करताना द्यायच्या बयाण्याच्या, आधी सांगायचं, आणि आपल्याच तोंडून. शेजारणीच्या तोंडून कळलं तर तू खोटारडा ठरतोस, तुझ्या तोंडून कळलं तर ती नुसती माहिती असते. एमआयडीसीच्या बाजूला घर दाखवत असशील तर संध्याकाळी वास येतो हे सांग. 26 मे 2016 ला आणि पुन्हा 23 मे 2024 ला तिथे कारखान्यात स्फोट झाले, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे, पण मुलुंडहून आलेल्या माणसाला नसतं. सांगितल्यावर तो जाईल? काही जातात. त्या भागात मोकळी हवा, झाडं आणि बसकी घरं आहेत, त्यासाठी थांबणारेही असतात. जो थांबतो तो नंतर भांडायला येत नाही.

परवा ठाकुर्लीला एका जोडप्याला वन-बीएचके दाखवला. नवरा दारातच मोबाइलवरचं होकायंत्र उघडून उभा. बायको सरळ स्वयंपाकघरात. तिने ओट्यावरून हात फिरवला, टाचा उंचावून वरच्या कपाटाला हात पोचतो का पाहिलं, खिडकी उघडून समोरच्या इमारतीचं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि मग नळ सोडला. नळाने आधी नुसता फुसफुस आवाज केला, मग बारीक धार आली. तिने धारेखाली तळहात धरला आणि मला विचारलं, ‘टाकीचं की पालिकेचं?’ म्हटलं, टाकीचं. पालिकेचं सकाळी येतं, सोसायटी पंपाने वर चढवते, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये वेगळे लागतात. नवऱ्याचा चेहरा पडला. ती म्हणाली, ‘आत्ता राहतो तिथे याहून वाईट आहे.’ घर त्यांनी घेतलं नाही, पण पाण्यापायी नाही. दरवाजा दक्षिणेला निघाला.

तुला यातलं एकच उचलायचंय: ती नळ सोडत होती तेव्हा मी गप्प होते. घर दाखवताना नवे एजंट एकसारखे बोलत सुटतात. ‘हा हॉल, हे किचन.’ माणसाला डोळे आहेत की रे! त्याला घरात एकटं फिरू दे. तो कुठे थांबतो, काय उघडून बघतो, यावरून त्याला काय हवंय ते कळतं, आणि हे तो फोनवर तुला कधीच सांगणार नाही.

क्षेत्रफळाचं मात्र मोघम ठेवू नकोस. घरबांधणीवर देखरेख करणारा रेरा कायदा आल्यापासून नवीन प्रकल्पात कार्पेट क्षेत्रफळावरच बोलावं लागतं. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. पण रीसेलमध्ये, म्हणजे जुनं घर पुन्हा विकताना, जुने करारनामे बिल्टअपचे (बाहेरच्या भिंती धरून मोजलेले) असतात आणि मालक त्यावर आणखी शंभर फूट स्वतःच्या मनाने चढवतो. खिशात टेप ठेव. मालकासमोर मोजायला लाजायचं नाही.

आता कागद. कर्जखात्यात होतास म्हणून तुला वाटेल, कागद मला येतात. बँकेत तुझ्यापुढे फाइल तयार होऊन यायची. इथे ती तयार होण्याआधी माणसं येतात. मागे दोघे भाऊ आले. वडिलांचा फ्लॅट, आई-वडील दोघेही गेलेले, शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव चढलेलं. घेणारा तयार, त्याचं कर्ज मंजूर. सगळं इतकं सरळ दिसायला लागलं की मी एक प्रश्न विचारतेच: ‘बहीण आहे का हो तुम्हाला?’ धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. ‘आहे, नाशिकला असते. पण तिचं काही नाही, लग्नात सगळं दिलंय तिला.’

हे वाक्य तू इतक्या वेळा ऐकशील की पाठ होईल. लग्नातलं सोनं म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. सोसायटीच्या कागदावरचा नॉमिनी म्हणजे मालकही नव्हे. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरतंच ते नाव. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी मुलांच्या बरोबरीची वारस आहे. एकतर तिने नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र द्यायचं, नाहीतर खरेदीखतावर विकणारी म्हणून सही करायची. तिला फोन भावांनीच करायचा, आपण मध्ये पडायचं नाही. त्या बाईने हक्क सोडला नाही. आली, आपला तिसरा हिस्सा चेकने घेतला, सही केली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. व्यवहार अगदी स्वच्छ झाला. थोरला अजून मला बघून रस्ता बदलतो, बदलू दे.

नवीन बांधकामाचं तर डोंबिवलीत कुणाला वेगळं सांगायला नको. बांधकाम परवानगीचे खोटे कागद लावून महारेराचा, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर मिळवलेल्या 65 इमारती आपल्याच कल्याण-डोंबिवलीत निघाल्या, आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. तिथे राहणारे काही मूर्ख नव्हते. त्यांनी महारेराचा नंबर बघितला होता, बँकांनी कर्जं दिली होती, हप्ते चालू होते. तेव्हा बोर्डावर नंबर आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस, आणि ‘बँक लोन देतेय म्हणजे क्लिअर आहे’ हे वाक्य तर तोंडातही आणू नकोस. बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहून घे, पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ते कागद तिथूनच निघालेत का ते विचार. दोन हेलपाटे पडतील. बिल्डरचा माणूस म्हणेल, ‘विश्वास नाही का आमच्यावर?’ हसून म्हणायचं, आहे ना, म्हणूनच तर विचारायला जातोय.

टोकनचे पैसे स्वतःच्या खात्यात कधीही घेऊ नकोस, एका रात्रीपुरतेही नाही. चेक विकणाऱ्याच्या नावाचा. टोकनच्या पावतीवर लिहून घे की कर्ज नामंजूर झालं तर पैसे परत किती दिवसांत, आणि बाकीची रक्कम कोणत्या टप्प्याला केव्हा द्यायची. बिल्डरकडचं घर असेल तर करारनामा नोंदवल्याशिवाय त्याला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे पार्टीला आठवणीने सांग. व्यवहार 50 लाखांचा किंवा वरचा असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. हे ऐन रजिस्ट्रेशनच्या दिवशी आठवलं की दोन्हीकडचे लोक तुझ्याकडे बघतात.

सुरुवातीला तुझं पोट भाड्याच्या कामावरच चालेल. त्याला हलकं समजू नकोस. आज वन-आरके भाड्याने घेणारा मुलगा पुढे लग्न झाल्यावर घर बघायला तुझ्याकडेच येतो. करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे तो नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. मालक म्हणतील, ‘स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाका, कशाला खर्च?’ त्यांना सांग, करार नोंदवलेला नसेल तर उद्या वाद झाल्यावर भाडेकरू अटींबद्दल जे म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. एवढं ऐकलं की मालक आपण होऊन अंगठा द्यायला बसतात. हेवी डिपॉझिटवाल्या घरांपासून मात्र चार हात लांब राहा. भाडं नाही, नुसती काही लाखांची अनामत. आणि फ्लॅट आधीच बँकेकडे गहाण असला तर त्या भाडेकरूची जन्माची पुंजी अडकते.

आता एक नकोसा विषय. मालक फोनवर सांगतो, ‘फॅमिलीच पाहिजे. व्हेज. आणि बाकी... तुम्हाला कळतंय ना?’ कळतं. नाव ऐकून घर नाकारलेली माणसं मी पाहिली आहेत: दोघं कमावती, कागद चोख, भाडं वेळेवर देणारी. एकटी राहणारी मुलगी असेल तर पार तिच्या येण्याजाण्याच्या वेळेपर्यंत चौकशी. मालकाचं मन मला बदलता येत नाही, तसा दावाही नाही. पण तो माणूस घर बघायला दारात उभा राहिल्यावर त्याचं आडनाव विचारून त्याला परत पाठवणं, हे मी माझ्या हाताखाली होऊ देत नाही. मालकाला मी आधीच स्पष्ट विचारते. नाही म्हणाला तर पार्टीला ते घर दाखवत नाही, आणि त्यांनी कारण विचारलं तर ‘घर गेलं’ असं खोटं सांगत नाही. जाहिरातीत तसली अट मी कधी छापली नाही, तूही छापू नकोस. जे मालक असलं काही विचारत नाहीत त्यांची नावं मी वेगळी लिहून ठेवते. त्यांच्या घरासाठी मी रात्री दहालाही चावी घेऊन जाते. सोसायटीचा सेक्रेटरी मध्ये आला तर त्याला आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नियमावली, दाखव. भाडेकरू ठेवताना सभासदाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते, आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. बहुतेक सेक्रेटऱ्यांनी उपविधी वाचलेले नसतात.

दलालीचं पहिल्या भेटीतच बोल. भाड्याला एक महिन्याचं भाडं, विक्रीत एक किंवा दोन टक्के, जे काही तुझं ठरेल ते, आणि त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठव. घर दाखवलं की ‘आज अमुक इमारतीत अमुक फ्लॅट दाखवला’ असाही मेसेज टाक. पार्टी आणि मालक तुझ्या पाठीमागे डायरेक्ट होणार, म्हणजे परस्पर सौदा करणार, हे धरूनच चाल. झाले तर एकदा शांतपणे फोन करायचा, मेसेज दाखवायचा. दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर नाव वहीत लिहायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. सोसायटीच्या गेटवर आरडाओरडा करणारे एजंट मी पाहिलेत. त्यांना वॉचमन नंतर आत सोडत नाही, आणि कुठलं घर रिकामं होतंय हे सगळ्यात आधी वॉचमनला आणि इस्त्रीवाल्यालाच कळतं.

नोंदणीचं टाळू नकोस. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकायचं तर एजंटची नोंदणी लागतेच, आणि 1 जानेवारी 2024 पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षेचं प्रमाणपत्रही लागतं. कार्ड छापशील तेव्हा त्यावर नंबर घाल. नोंदणीशिवाय काम केलंस तर दिवसाला 10,000 रुपये दंडाची तरतूद आहे, आणि तुझी पहिल्या वर्षाची कमाई मला साधारण ठाऊक आहे.

आता पितृपक्ष तोंडावर आलाय. पंधरा दिवस कोणी टोकन देणार नाही, सगळे ‘घटस्थापनेला बघू’ म्हणतील. माझ्याकडेही कामं थंडच असतात. तेवढ्यात नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून आपल्याच गल्लीतल्या पाच-सहा फ्लॅटांच्या इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचे गोषवारे, काढ. कोणी कोणाला केवढ्याला विकलं, मोबदला किती आणि बाजारमूल्य किती लिहिलंय, क्षेत्रफळ कसलं दिलंय, ते नीट वाच. जे कळणार नाही त्याला पेन्सिलने खूण कर आणि कागद घेऊन ऑफिसला ये. दुपारी दोननंतर ये, सकाळी मला व्हिजिट असतात.

तुझी मावशी