पिग्मी मार्मोसेट आणि लाकडावरील बुरशी यांची तुलना करण्यात काही अर्थ आहे का?

प्रकल्पासाठी ही तुलना घेतली तर ती निरर्थक ठरेल का, असे आपण विचारले आहे. मुळीच नाही, आणि जे तिला हसतात त्यांनी सजीवांचे वर्गीकरण पुन्हा वाचावे.

पदवीला असताना विभागाच्या प्रदर्शनासाठी मी नेमका हाच तक्ता केला होता. एका बाजूला ॲमेझॉनच्या पश्चिम खोऱ्यातील, जेमतेम 120 ग्रॅम वजनाचे हे माकड होते, तर दुसऱ्या बाजूला मृत खोडावर वाढणारे ट्रॅमेटेस व्हर्सिकलर हे कवक, म्हणजे बुरशी. दोघांचाही निर्वाह झाडावर होतो, हा माझा मुद्दा होता. मार्मोसेट पटाशीच्या दातांनी सालीला भोके पाडते, पाझरणारा डिंक चाटते आणि त्यातील जटिल शर्करा आतड्यातील जिवाणूंच्या मदतीने पचवते. कवकाला तोंड वा पोट नसल्यामुळे ते विकरे (पाचक एन्झाइम) थेट लाकडात सोडते, सेल्युलोज आणि लिग्निन हे लाकडाचे मुख्य घटक शरीराबाहेरच विघटित करते आणि तयार झालेले अन्न कवकतंतूंनी शोषून घेते. तक्ता पाहायला आलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी "कवक वनस्पतिशास्त्रात येते, माकडाशेजारी त्याचे काय काम?" असे सर्वांदेखत सुनावले आणि अर्धा तक्ता उतरवायला लावला. ते एका जागी वाढते आणि त्याला पेशीभित्तिका असते, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. पण त्या भित्तिकेत कीटकांच्या कवचातले कायटिन असते, साठवलेले अन्न स्टार्च नसून माकडाच्या यकृतात असते तेच ग्लायकोजेन असते, आणि हरितद्रव्य तर नसतेच. जीवशास्त्रज्ञ व्हिटाकर यांनी 1969 मध्ये कवकांची सृष्टी वनस्पतींपासून वेगळी मांडली. 1993 मध्ये बॉल्डॉफ व पामर या संशोधकांनी प्रथिनांच्या तुलनेवरून प्राणी आणि कवके एकमेकांचे सर्वांत जवळचे नातलग असल्याचे दाखवले. ज्या झाडाचे लाकूड ते कवक खाते, त्या झाडापेक्षा त्याचे माकडाशी नाते जवळचे आहे.

पुनरुत्पादनाविषयीही आपण विचारले आहे. मार्मोसेटला बहुधा जुळी पिल्ले होतात, कवक बीजाणू सोडते. तिथे तुलनेला फारसा वाव नाही.

अर्थात कवक म्हणजे प्राणी नव्हे. दोघांचा समान पूर्वज अतिप्राचीन, एकपेशीय होता. शिवाय लाकडावरील सर्वच कवके लिग्निन संपवत नाहीत. तपकिरी कूज घडवणारी कवके ते बहुतांशी मागे ठेवतात.

तक्त्यात झाडाला तिसरा रकाना अवश्य द्या. परीक्षकांनी हरकत घेतलीच, तर कवक वनस्पती असेल तर त्यात ग्लायकोजेन कसे, याचे उत्तर आधी त्यांच्याकडे मागा आणि ते मिळेपर्यंत तक्त्याचा कोणताही भाग उतरवू नका.